भिंतीवरील वेल हटविणेबाबत

शेरेसाहेबांनी बाग करायची ठरवली तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही, इथेच सगळं चुकलं. अडवू शकेल असं एकच माणूस त्या घरात होतं, आणि ते नेमकं तीन आठवड्यांसाठी मुलीकडे गेलं होतं.

शेरेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी भांडार विभागात चौतीस वर्षं कारकुनी, त्यातली शेवटची अकरा वर्षं हेडक्लार्की. समोर आलेल्या कागदावर काहीतरी शेरा मारल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, म्हणून हे नाव चिकटलं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रावरसुद्धा त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'दुसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा आला आहे' असं लिहून ठेवलंय. घरी जेवतानाही तेच. बायकोनं काहीही वाढलं तरी पहिल्या घासाला, पेपरातून डोकं वर न काढता, 'मीठ कमी' असा शेरा पडायचा. मीठ कमी नसायचं. पण शेरा नाही म्हणजे कागद पाहिलाच नाही असा अर्थ होतो, आणि तसा आरोप शेरेसाहेबांना स्वतःवर कधी येऊ द्यायचा नव्हता.

निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या किल्ल्यांना क्रमांक दिले, मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या (बायकोनं त्या दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवून खरवडल्या), आणि मग करण्यासारखं काही उरेना तेव्हा मागच्या दाराच्या पायरीवर बसून परसाकडे बघायला लागले. परस म्हणजे बारा बाय दहाचा तुकडा. त्यात बायको वर्षानुवर्षं काहीबाही लावायची. कसं लावायची? तर मनाला येईल तसं. आज चार बिया इथे, आठवड्यानं चार तिथे, एखादी मध्येच कोपऱ्यात. ओळ नाही, अंतर नाही, कुठे नोंद तर नाहीच नाही. शेरेसाहेबांना ते बघवेना.

आता त्या बियांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायीच झालं. स्वयंपाकघरातल्या फडताळात, चहाच्या डब्यामागे, एक गोल पत्र्याची डबी होती. तिच्यात घेवड्याचं बी. काळंभोर, पोटावर पांढरी रेघ असलेलं. बायकोला ते तिच्या आईनं दिलं होतं आणि आईला तिच्या आईनं. त्याच्या शेंगा जांभळट, आखूड, जरा वाकड्या; बाजारात कुठे मिळत नाहीत. घरातली रीत अशी की मुलीला स्वतःची म्हणून हातभर जमीन मिळाली की तिला हे बी द्यायचं. शेरेसाहेबांची मुलगी नऊ वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. आता कुठे तिला मागे अंगण असलेलं घर मिळालं होतं. फोनवर तिनं पहिलं वाक्य काय बोलावं? "आई, आता बी दे हं."

बायको म्हणाली, "आधी जमीन बघून येते, मग बी." अंगणात बांधकामाचा राडारोडा पडलाय म्हणे. तो उपसून, माती बघून यायची आणि मग पुढच्या खेपेला डबीतलं निम्मं बी न्यायचं, असं ठरलं. निम्मंच, कारण तिच्या आईचा नियम होता: अर्धं बी जमिनीत, अर्धं डबीत. "इथल्या हवेचा काही नेम आहे का?" ती म्हणायची. "सगळं एकदम मातीत घालून कसं चालेल?"

हवेबद्दल तिचं म्हणणं खरं होतं. त्यांचं गाव देशाच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला. तिथे सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी छत्री उघडतो आणि संध्याकाळी उघडाबंब होऊन पंख्याखाली बसतो. हवामान खात्यानं त्या भागापुरते अंदाज सांगायचेच सोडून दिले होते. रेडिओवर 'दक्षिण भागात नागरिकांनी लक्ष ठेवावे' एवढंच म्हणायचे. कशावर ठेवावे ते सांगत नसत.

पण शेरेसाहेबांकडे पुस्तक होतं. 'बाराही महिने बहरती बाग' असं काहीतरी नाव, आणि शेवटी घडी घातलेला मोठा तक्ता. तक्त्यात बावन्न आठवड्यांचे बावन्न चौकोन. तक्ता पाहिला आणि शेरेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. पुस्तक लिहिणारे गृहस्थ राहत होते पार उत्तरेला, जिथे उन्हाळा संपला की हिवाळा येतो आणि आपला काळ पुरा होईपर्यंत थांबतो, पण हा मुद्दा शेरेसाहेबांच्या लक्षात आला नाही. चालू आठवड्याच्या चौकोनात 'शेंगवर्गीय वेली : पेरणी' असं स्वच्छ छापलं होतं. बायको परत येईपर्यंत परसात आखीवरेखीव ओळीत वेली उभ्या करून तिला चकित करायचं, असा बेत त्यांनी केला. बेत प्रेमाचा होता हो! हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नंतर कोणाचा त्यावर विश्वास बसेना.

सुरुवात मातीनं झाली. रोपवाटिकेवाल्याकडून त्यांनी गाडीभर माती मागवली. रोपवाटिकेवाल्यानं विचारलं, "काय लावताय?" शेरेसाहेबांनी तक्ता उलगडून दाखवला. तो तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान छापलाय. पण साहेब, आपल्याकडे ऋतू असे रांगेत येत नाहीत. एकदम सगळं पेरू नका."

"ते आम्ही बघू," शेरेसाहेब म्हणाले. रोपवाटिकेवाल्यांना बी-बियाणं पुन्हा पुन्हा विकायचं असतं, म्हणून ते असं बोलतात, अशी त्यांची खात्री होती.

गाडीवाल्यानं माती त्यांच्या फाटकात न टाकता शेजारच्या दाराशी ओतली. शेजारी दातांचे डॉक्टर राहायचे. पुढच्या खोलीतच दवाखाना. दोन्ही घरांच्या मध्ये हातभर रुंदीची बोळ, बोळीत नगरपालिकेचं गटार, आणि गटाराच्या अलीकडे शेरेसाहेबांची भिंत. तर त्या दिवशी सकाळपासून गाल सुजलेले, गालाला रुमाल बांधलेले लोक मातीचा ढिगारा चढून उतरून दवाखान्यात जात होते. शेरेसाहेब घमेल्यानं माती वाहत होते आणि प्रत्येकाला "माफ करा" म्हणत होते. उत्तर कोणी देत नव्हतं, देता येण्यासारखी कोणाची अवस्थाच नव्हती.

डॉक्टर मात्र बोलघेवडे. आयुष्यभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी बोलल्यामुळे त्यांना समोरच्याच्या उत्तरासाठी थांबायची सवयच राहिली नव्हती. भिंतीवरून डोकावून म्हणाले, "बाग? वा वा! पण वहिनी कुठायत? त्यांना येऊ द्या की. त्यांच्या हाताला गुण आहे बघा. आमच्याकडे तर त्यांनी—"

"डॉक्टर," शेरेसाहेब घमेलं खाली ठेवून म्हणाले, "बागकाम हा गुणाचा नाही, नियोजनाचा विषय आहे."

डॉक्टरांना मध्येच तोडलं जायची सवय नव्हती. ते 'बरं' म्हणून आत गेले. त्यांचं ते वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर! शेरेसाहेब आजही पायरीवर बसले की हाच विचार करतात.

परस मोकळंच होतं; बायकोनं यंदा अजून काहीच लावलं नव्हतं. पेरणीच्या दिवशी त्यांनी दोरी बांधून सहा ओळी आखल्या, पट्टीनं अंतर मोजलं आणि डबी उघडली. बी निघालं बेचाळीस. सहा ओळी, ओळीला सात. बरोब्बर! त्यांना तो शुभशकुनच वाटला. अर्धं डबीत ठेवायचा बायकोचा नियम त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला, पण पटला नाही. त्याला कारण भांडार विभाग. तिथे वर्षाअखेरीला कपाटात टाचण्यांची एक डबी जरी शिल्लक दिसली तर वरून शेरा येई, 'मागणी वाजवीपेक्षा जास्त होती', आणि पुढच्या वर्षी टाचण्या निम्म्या. त्यामुळे वर्ष संपताना शिल्लक माल संपवून टाकायचा, हे चौतीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं. मार्चअखेर त्यांच्या विभागात लोक दोन कागदांनासुद्धा पाच टाचण्या लावत. शिल्लक ठेवणारा माणूस म्हणजे नियोजन न येणारा माणूस. त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस बिया पेरल्या, डबी पुसली आणि रिकामी फडताळात ठेवली. आत एक चिठ्ठीही घातली: 'शिल्लक निरंक.'

सहाव्या दिवशी एक्केचाळीस कोंब वर आले. एक्केचाळीस! शेरेसाहेबांनी ते तीनदा मोजले. न आलेल्या एकाच्या जागी काडी रोवून 'प्रलंबित' अशी पाटी लावली. संध्याकाळी बायकोचा फोन आला, "काय करताय?" "काही नाही," असं म्हणताना त्यांना हसू आवरेना. "जेवताय ना वेळेवर?" तिनं विचारलं. "मीठ कमी," ते म्हणाले. स्वतःच केलेलं होतं, तरी.

त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की डाव्या दोन ओळींवर सावली पडते. गटाराच्या कडेनं एक दांडगी वेल उगवली होती आणि बोळीतून त्यांच्या भिंतीवर चढून वर आडवी पसरली होती. कोणी लावलेली नाही, कोणी पाणी घालत नाही, नुसती माजलेली. हिरव्यागार पानांचा ढीग आणि मध्ये जांभळ्या फुलांचे तुरे. शेरेसाहेबांनी घड्याळ लावून मोजलं: सावली रोज नऊ ते अकरा वीस. आता एखाद्यानं कोयता घेऊन वेल बाजूला केली असती, नाहीतर निदान डॉक्टरांना विचारलं असतं. पण गटार नगरपालिकेचं, म्हणजे वेलही नगरपालिकेची. आणि सरकारी मालमत्तेला परस्पर हात लावणं शेरेसाहेबांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

आणि काय सांगावं, चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. ते जेवायला उठले नाहीत. 'विषय : सार्वजनिक गटारालगत उगवलेली व भिंतीवरील वेल हटविणेबाबत.' तीन कच्चे मसुदे झाले. सोबत जागेचा नकाशा, सावलीच्या वेळांचा तक्ता, दोन बाजूंनी काढलेले फोटो. शेवटच्या परिच्छेदात आधी 'पूर्णपणे' होतं. ते त्यांना ढिसाळ वाटलं. बऱ्याच विचारानंतर तिथे 'समूळ' घातलं. सदर वेल समूळ काढून टाकणेत यावी. शब्द नुसता पाहून त्यांची छाती फुगली. नगरपालिकेत जाऊन त्यांनी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, पोच नीट घडी करून खिशात ठेवली आणि घरी आले.

मग दक्षिणेची हवा कामाला लागली. तक्त्यात त्या आठवड्याला 'सौम्य ऊन, हलके पाणी' असं होतं. प्रत्यक्षात चार दिवस असं ऊन पडलं की पत्र्यावरचे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले. शेरेसाहेबांनी कपाटातल्या बायकोच्या चांगल्या चादरी काढून काठ्यांवर मांडव घातला. पाचव्या दिवशी वावटळ आली. मांडव उडाला आणि त्यातली फुलाफुलांची डबल चादर डॉक्टरांच्या पाटीवर जाऊन अशी घट्ट बसली की दवाखाना बंद झाला समजून तीन पेशंट परत गेले. काठ्या पडून ओळी तीन आणि चार साफ झाल्या. डॉक्टर चादरीची घडी करून घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, एक सांगू? त्यांना सोडून द्या जरा. आमच्या वेलीला मी कधी बघतसुद्धा नाही, तर—"

"चादर दिल्याबद्दल आभारी आहे," शेरेसाहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं. माणसाचा मांडव नुकताच उडालेला असताना त्याला असं ऐकवतात का?

एका दिवसानं पाऊस. तासाभरात वाफ्याचं तळं झालं. शेरेसाहेबांनी पाण्याला वाट काढून दिली. वाट उताराच्या बाजूनंच काढावी लागते, आणि उताराच्या बाजूला दवाखाना होता. खुर्चीत आडव्या पडलेल्या बाईंच्या चपला तरंगत तरंगत बाहेर आल्या म्हणे. चिखल ओसरला तेव्हा एक्केचाळीसातले सात कोंब उभे होते. शेरेसाहेबांनी नवा तक्ता केला. त्यात सातच रकाने होते. आता मात्र फडताळाकडे बघणं ते टाळायला लागले होते. सात तर सात, सात वेली म्हणजे पुष्कळ बी, असं ते स्वतःला समजावत होते, आणि त्या सात जिवांना ते अक्षरशः डोळ्यांत तेल घालून जपत होते.

पुढच्या संध्याकाळी एकाएकी गारठा पडला आणि रेडिओवर गारांचा इशारा आला. बायकोच्या मसाल्याच्या सात काचेच्या बरण्या रिकाम्या करून शेरेसाहेबांनी एकेका कोंबावर एकेक बरणी पालथी घातली. युक्ती झकास होती. गारा पडल्या, बरण्यांवर टणाटण वाजल्या, एकालाही धक्का लागला नाही. सकाळी ढग होते, वारा गार होता. शेरेसाहेबांनी बरण्या तशाच ठेवल्या आणि अर्जाचा पाठपुरावा करायला नगरपालिकेत गेले. या सातांना तरी भरपूर ऊन मिळायला हवं, हाच त्यामागचा विचार.

नगरपालिकेतला कारकून जेवायला गेला होता. शेरेसाहेब बाकावर थांबले. बाहेर ढग गेले, ऊन आलं. खिडकीतून ते ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांना ते छान वाटलं, असं त्यांनी नंतर कबूल केलं. कारकून आला, त्यानं अर्ज बघितला, 'हो हो, पुढे पाठवलाय' म्हणाला. शेरेसाहेब दुपारी दोनला घरी परतले.

बरण्यांना आतून घाम फुटला होता. उचलल्या तर हाताला चटका बसला. आत कोंब नव्हते. शिजलेल्या पाल्यासारखं काहीतरी मातीला चिकटलं होतं. सातही. शेरेसाहेब तिथे चिखलात उकिडवे बसले. मग 'प्रलंबित' लिहिलेल्या काडीपाशी त्यांनी बोटानं माती उकरून पाहिली. तिथे कुजलेलं टरफल निघालं.

दुसऱ्या दिवशी बायको आली. चपला काढायच्या आधी परसात गेली, कारण मुलीच्या अंगणाची माती पिशवीत घालून आणली होती. ती आपल्या मातीशी ताडून बघायची होती. "ही काय दशा केलीत?" एवढंच म्हणाली. हसलीसुद्धा थोडी. मग स्वयंपाकघरात गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला, डबीचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

शेरेसाहेब दारात जाऊन उभे राहिले. तिच्या हातात ती चिठ्ठी होती.

"सगळं?" तिनं विचारलं.

"बेचाळीस होतं," ते म्हणाले. "ओळीला सात... बरोबर बसत होतं."

"अहो, पण सगळं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि पदराच्या टोकानं डबी आतून पुसत राहिली. पुसलेलीच होती ती. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "हो, पोचले," ती म्हणाली, "माती चांगली आहे तुझी," आणि फोन ठेवून दिला. बियांचा विषय तिनं काढला नाही. शेरेसाहेब पेपर तोंडापुढे धरून बसले होते. तो आदल्या दिवशीचा होता.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना ती आपणहूनच बोलली. "जाऊ दे. उगाच जिवाला लावून घेऊ नका. डॉक्टरांकडे आहे."

"काय आहे?"

"आपला घेवडा. तीन वर्षांपूर्वी माझी दाढ काढली तेव्हा काही घ्यायला तयार होईनात, शेजारी म्हणून. मग मी पाच बिया दिल्या. कुंडी नव्हती त्यांच्याकडे, म्हणून गटाराच्या कडेला खोचल्या. ती काय, आपल्या भिंतीवरच तर चढलीय. शेंगा धरल्यात आता. पंधरा दिवसांत वाळतील, मग मागून घेईन थोडं बी." तिनं कपात चहा ओतला. "तुम्ही रोज बघता की ती वेल."

शेरेसाहेबांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "मी जरा... एक काम आहे," म्हणाले आणि कालच्याच शर्टात घराबाहेर पडले. वाटेत ते मनाची समजूत घालत होते. चौतीस वर्षं आपण सरकारी कचेरीत काढली. अर्ज दिला आणि पंधरा दिवसांत काम झालं, असं आपल्या पाहण्यात एकदाही आलेलं नाही. आपण स्वतः लोकांचे अर्ज समासासाठी परत पाठवलेत. कुठल्या तरी टेबलावर पडलेला असेल. असणारच. जन्मभर ज्या गोष्टीबद्दल लोक त्यांना शिव्या घालत आले, तिच्याच भरवशावर ते आज धावत होते.

"अर्ज मागे घ्यायचाय," खिडकीशी पोचल्यावर ते धापा टाकत म्हणाले.

"मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज लागेल," कारकून म्हणाला. "कारणासह." मग त्यानं मान वर करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, वेलीवाले साहेब! बसा, बसा. अहो, काय अर्ज लिहिलाय! नकाशा, तक्ता, फोटो, एक त्रुटी नाही. आमचे साहेब म्हणाले, असा अर्ज नोकरीत पहिल्यांदा पाहिला, याच्यावर चौकशी कसली करायची? सगळ्यांना वाचून दाखवला त्यांनी. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून सरळ मंजूर."

"पण अजून... माणसं पाठवली नसतील ना?"

कारकुनानं अभिमानानं घड्याळाकडे बघितलं. "नऊलाच गाडी निघाली. आतापर्यंत झालंसुद्धा असेल."

शेरेसाहेब पळाले. साठी ओलांडलेला माणूस भर रस्त्यातून पळताना कसा दिसतो याची त्यांना आयुष्यभर धास्ती होती. त्या दिवशी ती आठवलीसुद्धा नाही.

बोळीच्या तोंडाशी नगरपालिकेची गाडी उभी होती. दोन माणसं फावडी धूत होती. भिंत बोडकी झाली होती. विटांचा लाल रंग तीन वर्षांनी उघडा पडला होता आणि त्यावर वेल टेकल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या. गटाराकडेला गुडघाभर खड्डा. वेल रस्त्यावर ढिगानं पडली होती, मुळांना ओली माती तशीच चिकटलेली. डॉक्टर हातात चिमटा घेऊन दारात उभे होते.

"मुळं कशाला काढली?" शेरेसाहेबांचा आवाज चिरकला. "वरून छाटायची होती! मुळं ठेवली असती तर पुन्हा फुटली असती!"

त्यातल्या मोठ्या माणसानं खिशातून कागद काढला, नीट उलगडला आणि बोट ठेवून दाखवलं. "साहेब, समूळ लिहिलंय."

शेरेसाहेबांनी कागद पाहिला. अक्षर सुरेख होतं. समास दोन्ही बाजूंना सारखा होता.

बायको आवाज ऐकून बाहेर आली होती. तिनं ढीग पाहिला, खड्डा पाहिला, त्या माणसाच्या हातातला कागद पाहिला. सही ओळखायला तिला वेळ लागला नाही. शेरेसाहेब तिच्याकडे बघू शकले नाहीत. "चुकलो मी," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी कचेरीत कधी लिहिला नव्हता आणि घरात कधी उच्चारला नव्हता. "मला माहीत नव्हतं गं. मला खरंच माहीत नव्हतं."

"चौतीस वर्षं खाताय," ती म्हणाली. रागानं नव्हे; रागानं म्हणाली असती तर शेरेसाहेबांना निदान खाली मान घालता आली असती. "वेल कशी दिसते ते माहीत नव्हतं?"

मग ती रस्त्यात ढिगापाशी खाली बसली आणि वेल उलगडून शेंगा बघायला लागली. शेरेसाहेब बसले. डॉक्टरही चिमटा खिशात घालून बसले. आत खुर्चीत कोणीतरी तोंड उघडं टाकून वाट बघत होतं, पण त्या दिवशी त्याची कोणाला फिकीर नव्हती. नगरपालिकेची माणसंसुद्धा गाडी थांबवून हात लावायला आली. पाच माणसांनी पान न् पान वेगळं केलं. शेंगा पुष्कळ होत्या. सगळ्या कोवळ्या. बायको एकेक शेंग बोटानं उकलायची, आतला पाणीदार हिरवा दाणा नखानं दाबायची आणि शेंग ओच्यात टाकायची. शेरेसाहेब प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघायचे.

"हे उगवेल?" त्यांनी एकदा विचारलं.

"कच्चं आहे," ती म्हणाली. "पंधरा दिवस हवे होते."

तरी त्यातले त्यात भरलेले सहा दाणे त्यांनी निवडून रुमालात बांधून घेतले. चार दिवसांनी रुमाल सोडला तेव्हा ते सुरकुतून मुगाएवढे झाले होते.

वेल उपटली त्याच दुपारी बायकोनं शेंगांची भाजी केली. दुसरं काय करणार? टाकून देववेना. अर्धी वाटीत घालून डॉक्टरांकडे पाठवली, कारण वेल त्यांची होती. उरलेली ताटात वाढली आणि समोर बसली. शेरेसाहेबांनी त्या दिवशी पेपर घेतला नाही. शेंगा शिजल्यावरही जांभळट राहिल्या होत्या; हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिला घास घेतला. गोडसर, आणि मागून किंचित तुरट, आणि दाणा दाताखाली लोण्यासारखा विरघळणारा. चौतीस वर्षं हे ताटात येत होतं. ते हळूहळू चावत राहिले.

बायको त्यांच्याकडे बघत होती. शेऱ्याची वाट बघत होती. सवयीनं मिठाचं भांडंही तिनं थोडं पुढे सरकवलं होतं.

शेरेसाहेबांनी ताट बोटानं पुसून घेतलं. मग मान वर केली आणि कधी नव्हे ते विचारलं, "अजून थोडी वाढतेस?"

तिनं कढई तिरकी करून त्यांना दाखवली.

"संपली," ती म्हणाली.